दगड घासलेस का?

९ जानेवारी

दादा,

‘तीर्थरूप’ लिहीत नाही. तू तेवढा पवित्र उरलेला नाहीस आणि मी तेवढी नम्र कधीच नव्हते. आईने आशीर्वाद कळवलाय, तो घे. नमस्कार माझा, तोही घे.

पत्र फाडायच्या आधी एवढं वाच: भिंत पडली. नगरपालिकेने आपल्या गल्लीसमोर समुद्राला अडवायला बांधलेली, ती. तू तेव्हाच म्हणाला होतास की सरळ भिंतीवर आपटलेली लाट संपत नाही, ती मागे वळते आणि जाता जाता भिंतीच्या पायाखालची वाळू उकरून नेते. अगदी तसंच झालं. भिंतीला तडा गेला नाही, दगड फुटला नाही, एका सकाळी ती गुडघे टेकून पुढे झोपली. आता भरतीचं पाणी आपल्या लाँड्रीच्या पायरीपर्यंत येतं. इस्त्रीच्या खोलीत उभं राहिलं की फरशीतून लाटांचा धक्का तळपायाला कळतो.

नगरपालिकेची नोटीस आली आहे. सगळी गल्ली उठवून टेकडीमागच्या इमारतींत हलवणार. तिथे माणसं राहतील, पण आपल्या धुण्याच्या टाक्या, बॉयलर, चादरी वाळत घालायचं पटांगण कुठे ठेवायचं ते त्यांनाही माहीत नाही. गल्लीतली सगळी घरं या लाँड्रीवर चालतात, हे तुला सांगायला नको. आणि आई म्हणते, “मला उचलून न्यावं लागेल, आणि मी काही हलकी नाही.”

तू जाताना दारात उभा राहून काय बोललास ते मी विसरलेले नाही. “आई या घरातून निघेल, तेव्हाच मी या गल्लीत पाय ठेवीन. तू तिला बुडवणार आहेस.” म्हणून गोड बोलायला हे पत्र लिहीत नाहीये. माझं काम आहे.

आपल्या समोर समुद्रात तो जुना प्रवाळखडक होता ना, जिथे लहानपणी पाणी कायम पांढरं दिसायचं? पाणी फार तापलं त्या वर्षी त्यावरची पोवळी मेली. नंतर खडक झिजत, फुटत खाली बसला आणि लाटांना थेट आत यायला वाट मिळाली. समुद्री प्रयोगशाळेच्या बाई म्हणतात की पडलेल्या भिंतीचेच दगड त्या मेलेल्या खडकावर रचू आणि त्यांवर नवी पोवळी धरवू. नगरपालिकेने नाक मुरडत हो म्हटलंय. पुढच्या वर्षीची वादळं संपेपर्यंत मुदत आहे. तोवर घरं टिकली आणि दगडांवर जिवंत पोवळी दिसली, तर नोटीस रद्द. एक जरी गोष्ट कमी पडली तर सामान बांधायचं.

बाईंना पोवळी कळतात, लाटा कळत नाहीत. तुला लाटा कळतात. बंदरं बांधण्यात तुझे केस पांढरे झाले, म्हणे. दगड कसे रचायचे त्याचा नकाशा पाठव. बाकी काही पाठवू नकोस.

तुझी भांडकुदळ


२ मार्च

दादा,

गुंडाळी मिळाली. उलटीसुलटी करून झटकून पाहिली, आत एक ओळ नाही. ‘खुशाल आहात ना’ लिहायला काय शाई कमी पडली होती? पण नकाशा बघितला आणि गप्प बसले. एकेका दगडाचा उतार, एकेका जागेची खोली. कोपऱ्यात बारीक अक्षरात तुझी सूचना: ‘इथे फट ठेवणे. पूर्ण बंद केल्यास आतलं पाणी कुजेल.’

आईने ते अक्षर ओळखलं. तिचा चष्मा फुटलाय, म्हणून मला म्हणाली, “वाच.” मी वाचलं: दगडाचं वजन, उतार, फट, ओहोटीची पातळी. ती हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, “तब्येत बरी दिसतेय त्याची.” मला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नकाशात रांग सरळ का नाही, असं नगरपालिकेच्या साहेबांनी विचारलं. मी त्यांना पटांगणात नेलं. तू मला शिकवलं होतंस तसं एक ओली चादर घेतली, एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या, आणि म्हटलं, चला बरोबरीने. ते फरशीवरून चालत होते, मी मुद्दाम वाळूत शिरले. माझा पाय जड झाला, त्यांचं टोक पुढे गेलं आणि अख्खी चादर माझ्याकडे वळली. लाटही अशीच वळते, हे सांगितलं. जे टोक उथळ पाण्यात शिरतं ते रेंगाळतं, म्हणून लाटा समुद्रात पुढे घुसलेल्या कड्याला दोन्हीकडून वेढतात आणि तासतात. किनारा आत वळलेला असतो तिथे त्या पांगतात, थकतात आणि हातातली वाळू खाली टाकतात. रांग वाकडी आहे ती याचसाठी: त्यांना आपल्या दारात थकवायचं नाही, दारापासून लांब थकवायचंय. साहेबांचे बूट भिजले, पण सही झाली.

दगड टाकायचं काम सुरू आहे. तराफ्यावर क्रेन, क्रेनवर एक तिरसट चालक. मी नकाशा घेऊन ‘जरा डावीकडे, अजून जरा’ करते तर परवा ओरडला, “ताई, दगड आहेत हे, कपबशा नाहीत!” मी म्हटलं, माझ्या भावाचा नकाशा आहे, कपबशाच समजा.

पोहायला येत होतंच, आता बुडी मारायलाही शिकले. या वयात अंगाला घट्ट रबरी पोशाख चढवताना गल्लीतल्या सगळ्या बायका मदतीला लागतात आणि सगळ्या हसतात. वहिनींना माझा नमस्कार सांग. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

तुझी भांडकुदळ


२८ मे

दादा,

तू पत्र लिहू नकोस, मी लिहीत राहणार. जे बघितलं ते कोणाला तरी सांगायलाच हवं, आणि गल्लीत सगळ्यांना सांगून झालं.

पौर्णिमा होऊन गेली होती. बाई म्हणाल्या, आता कुठल्याही संध्याकाळी. टेकडीपलीकडे अजून जिवंत राहिलेला एक खडक आहे, तिथे होडी घेऊन थांबलो. सूर्य मावळला, अजून उजेड होता, आणि पाण्याखाली सगळ्या पोवळ्यांनी एकदमच आपलं बीज सोडलं. गुलाबी, मोहरीएवढे थेंब. खालून वर, सगळीकडून, मुकाट्याने. वर्षातून एकदाच होतं म्हणे. कोणी कोणाला सांगितलं, कसं ठरलं, कोण जाणे. मी पाण्यात तोंड घालून इतकी ओरडले की तोंडातली श्वासाची नळी सुटली आणि खारं पाणी प्यायले.

आम्ही ते जाळीत धरलं, टबांत आणलं. त्यातून बाळं होतात, दादा. डोळ्यांना नीट दिसणारही नाहीत एवढी. ती पोहतात, जागा शोधतात, आवडली की चिकटतात, आणि एकदा चिकटली की जन्मभर तिथून हलत नाहीत. आईला हे फार आवडलं. चिकटलं की ते बाळ पाण्यातला चुना घेऊन स्वतःभोवती वाटीसारखं घर बांधतं. शेजारी दुसरं फुटतं, दुसऱ्याशेजारी तिसरं. जुनी मरतात, त्यांच्या घरांवर नवी घरं चढतात. अख्खा खडक म्हणजे मेलेल्यांची घरं आणि वर जिवंतांचा पातळ थर. एवढ्यावर समुद्र अडतो.

त्यांना बसायला आम्ही फरशीचे तुकडे ठेवलेत. बाळं धरली की ते तुकडे दगडांवर पक्के करायचे. आणि निगा तर अशी राखलीय की तू बघशील तर थक्क होशील. बाईंनी सांगितलं होतं, स्वच्छता महत्त्वाची. आम्हाला सांगावं लागतं का? गल्लीतल्या साऱ्याजणी ब्रश घेऊन बसल्या. फरशीवर जरा कुठे शेवाळ, जरा कुठे गुलाबी डाग दिसला की खरवडून साफ. समुद्रातल्या दगडांनाही सोडलं नाही, पाळी लावून बुड्या मारून घासले. हॉस्पिटलच्या चादरी धुणारे हात आहेत आपले.

आता वाट बघायची. मला खात्री आहे.

तुझी भांडकुदळ


१६ जुलै

दादा,

इथे सगळं ठीक आहे. आई बरी आहे. पाऊस आहे. लाँड्रीत काम भरपूर आहे, हॉटेलवाल्यांनी टॉवेल वाढवलेत. नवा बॉयलर चांगला चालतो.

वर लिहिलंय ते खरं आहे, फक्त ‘सगळं ठीक’ एवढं खोटं आहे. एकही बाळ धरलं नाही. बाईंनी भिंगाखाली एकेक फरशी बघितली. कोरी. आमच्या इस्त्रीच्या टेबलासारखी कोरी. बाईंनाही कळेना, त्यांची प्रयोगशाळा तीन गावं सोडून, त्या येतात कधीतरी. म्हणाल्या, पाण्यात काही दोष असेल, पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष शेवटचं आहे, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही.

दगडांनी लाट थोडी अडतेय, हे खरं. पण नुसता दगड वाळूत बसत जातो, झिजत जातो. जिवंत पोवळी त्यावर चढली तरच तो वाढतो, मोडलं तर स्वतःच सांधतो. नाहीतर आम्ही समुद्रात भिंत बांधली, एवढंच होईल. ती आधीची पडलीच आहे.

काल आईने कपाटातल्या चांगल्या चादरी काढल्या आणि पेटीत रचल्या. मी विचारलं, हे काय? म्हणाली, “ऊन दाखवायचंय.” बाहेर धो धो पाऊस होता, दादा.

मला भीती वाटतेय. तुझं खरं होईल याची नाही, तेवढा त्रास मी सोसेन. आई टेकडीमागच्या खोलीत खिडकीशी बसलेली माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. काही सुचत असेल तर लिही. नसेल सुचत तरी लिही.

तुझी


११ ऑगस्ट

दादा,

तुझं कार्ड आलं. इतक्या वर्षांनी तुझं पहिलं वाक्य आणि त्यात तीनच शब्द: ‘दगड घासलेस का?’

खाली सही, आणि सहीखाली तिरकं: ‘गुलाबी थर दिसला तर हात लावू नकोस. आमच्या बंदरात ज्या खांबांना कोणी हात लावत नाही, त्यांच्यावर आधी तो येतो, मग पोवळी.’

मी कार्ड घेऊन पायरीवर बसले. आई म्हणाली, “काय लिहिलंय?” मी वाचून दाखवलं. ती पदर तोंडाला लावून अशी हसली की तिला ठसका लागला. “तो एवढ्या लांबून ओळखतो तुला! अगं, लहानपणी त्याचं दप्तर तू धुतलंस, वह्यांसकट!”

बाईंना फोन लावला. मी सांगितलं, आम्ही रोज घासतो. मग बाई म्हणाल्या, “रोज? काय घासता?” मी म्हटलं, फरशा, दगड, सगळं. “अहो, स्वच्छता सांगितली ती टबांची आणि जाळ्यांची! तो गुलाबी थर म्हणजेच तर बाळांची खूण, त्याच्या वासावर ती येतात. चकचकीत दगडावर कोण बसेल?” त्यांनाही मग स्वतःवरच वैताग आला. म्हणाल्या, जगात कोणी दगड घासेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही आमच्या गल्लीत राहिला नाहीत.

त्याच दिवशी सगळ्यांचे ब्रश गोळा केले. खरंच, बोचक्यात बांधून कपाटात घातले आणि कुलूप लावून किल्ली आईला दिली. शेजारच्या काकू रडकुंडीला आल्या: “अगं, पण घाण दिसतं गं ते.” घाण दिसू दे म्हटलं. मी स्वतः हात पाठीमागे बांधून दगडांजवळ पोहते. शेवाळाचा एक तुरा असा डोलत होता माझ्यापुढे, बोटं शिवशिवली, पण नाही उपटला. हे तुला कळवावंसं वाटलं, कारण याची किंमत घरात तुलाच कळेल.

तुझी भांडकुदळ

ता. क. दप्तर मी धुतलं ते शाईची बाटली आत फुटली होती म्हणून. उगाच नाही.


६ जून

दादा!

धरली!

आधी ते लिहिलं, आता सावकाश सांगते. वर्षभरात दगडांवर गुलाबी थर आला, खरबरीत, रंग सांडून वाळल्यासारखा. फरशाही त्याच दगडांजवळ समुद्रात ठेवल्या होत्या, त्याही गुलाबी झाल्या. पौर्णिमेनंतर पुन्हा होडी, पुन्हा जाळी, पुन्हा टब. या वेळी मी ओरडले नाही, घाबरून मुठी आवळून बसले होते.

आज सकाळी बाई भिंग घेऊन आल्या. पहिली फरशी उचलली, बघितली, खाली ठेवली. दुसरी उचलली. मग मला भिंग दिलं. गुलाबीवर पांढरे ठिपके, दादा, प्रत्येकाला इवल्या इवल्या पाकळ्या. मी मोजायला लागले आणि मोजायचं सोडून दिलं. फरशीच्या खाली, कडेला, भोकात, जिथे आम्ही गेल्या वर्षी सगळ्यात जोरात ब्रश मारला होता नेमकं तिथे.

बाई मला मिठी मारून उड्या मारत होत्या. एवढ्या शिकलेल्या बाई, ओल्या फरशीवर उड्या! काकूंनी हळूच विचारलं, आता ब्रश परत मिळतील का. सगळ्यांनी एका सुरात ‘नाही’ म्हटलं.

फरशा दगडांवर बसवून आले. खाली तुझी फट आहे ना, तिथून पाणी असं खेळतं की मासे रांग लावून उभे असतात. तू कागदावर काढलीस आणि बघायला आला नाहीस. किती हट्टी आहेस.

तुझी बहीण


२३ सप्टेंबर

दादा,

बातम्यांत वादळ बघितलं असशीलच. तुझा फोन शेजारी येऊन गेला हेही कळलं. ‘सगळे ठीक का’ एवढं विचारून तू ठेवलास. आता पूर्ण ऐक.

सगळ्या गल्लीला टेकडीवरच्या शाळेत न्यायचा हुकूम आला. आई निघाली, पण इस्त्री केलेल्या चादरी बरोबर घेऊन. हॉस्पिटलच्या आहेत, भिजल्या तर पेशंट कशावर झोपतील, म्हणाली. वर्गाच्या खिडकीत आम्ही सगळे उभे होतो. दिवसाढवळ्या अंधारून आलेलं, पत्रे उडत होते. समुद्र असा आला की काकूंनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. लाट दगडांपाशी आली, उभी राहिली आणि तिथेच फुटली. सगळी रांगच्या रांग पांढरी झाली. मागून दुसरी आली, तीही तिथेच. आत आलं ते नुसतं लोळत आलेलं पाणी, पायऱ्या चढलं, इस्त्रीच्या खोलीत घोट्याएवढं शिरलं आणि दमून परत गेलं. वर्गात एवढा आरडाओरडा झाला की वाऱ्याचा आवाज ऐकू येईना. क्रेनचा तो तिरसट चालक बाकावर चढून ओरडत होता, “कपबशा टिकल्या! कपबशा टिकल्या!”

एकही घर पडलं नाही. आणि वाळू आलीय, दादा! आपल्या पायरीपुढे, जिथे भिंत सगळी वाळू खाऊन बसली होती, तिथे आता पोरं अनवाणी पळतात. बाईंनी खाली जाऊन बघितलं. थोड्या फरशा निखळल्या, बाकी सगळ्या जागेवर आणि बाळं जिवंत, मसुराएवढी झालेली. खरं सांगायचं तर या वेळी लाट दगडांनी फोडली, पोवळ्यांचा अजून काही हातभार नाही. पण आपण नसू तेव्हा ती असतील आणि वाढत असतील.

काल नगरपालिकेत बैठक झाली. नोटीस रद्द. साहेबांनी स्वतः वाचून दाखवलं. मग त्यांनी विचारलं, हे काम नेमकं कोणाचं म्हणून नोंदवायचं, प्रयोगशाळेचं की गल्लीचं? मी तोंड उघडणार तोच आई उठली. सभेत आई कधी बोललीय का? खुर्चीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “माझ्या दोन्ही मुलांचं आहे. एकाने काढलं, एकीने बांधलं. एकमेकांशी बोलत नाहीत, पण काम चांगलं करतात.” सभा हसली. आई हसली नाही. खाली बसली आणि माझा हात घट्ट धरला, घरी येईपर्यंत सोडला नाही.

आता कामाचं. शेजारच्या गावाचाही किनारा तुटतोय, त्यांनाही अशी रांग हवीय आणि आपलीही पुढे वाढवायचीय. नगरपालिका पैसे द्यायला तयार आहे. अट एकच, जबाबदारी घेणारा इंजिनीयर इथे हजर हवा, कागदावरचा चालणार नाही. त्यांनी नाव विचारलं. मी तुझं दिलं. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू आणखी एक नकाशा पाठवला असतास.

तू म्हणाला होतास, आई या घरातून निघेल तेव्हाच येईन. आई निघणार नाही. तिला आता समुद्रसुद्धा काढू शकत नाही. तेव्हा तुझी ती अट मी आजपासून रद्द करते. नोटीस रद्द होऊ शकते, तर ही कोण लागून गेली?

सोमवारी पहिली बैठक आहे. नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण, पण पत्राने नाही आणि फोनवर नाही. इथे ये, आईच्या समोर उभा राहा आणि म्हण. म्हणून दाखव.

तुझी बहीण